प्लेट कशाने सरकते

माझं सगळं आयुष्य ‘का’ विचारण्यात गेलं, आणि त्याचा मला पगार मिळाला. चाकणच्या ज्या कंपनीत मी आहे तिथे गाड्यांचे लोखंडी भाग बनतात. गिऱ्हाईक कंपनीने एखादा भाग नापास करून परत पाठवला की तो माझ्या टेबलावर येतो आणि मी त्याचा व्हाय-व्हाय करतो. आमच्याकडची ही रीतच आहे. भोक तिरकं का पडलं? कारण ड्रिल हललं. ड्रिल का हललं? कारण पकड सैल होती. पकड सैल का राहिली? असं पाच वेळा ‘का’ विचारत खाली उतरायचं आणि तळाशी जे सापडेल त्याला मूळ कारण म्हणायचं. मग त्यावर उपाय लिहायचा, गिऱ्हाइकाची सही घ्यायची, तक्रार बंद. कारण सापडलं नाही तर तक्रार उघडी राहते, आणि उघड्या तक्रारीइतकी वाईट गोष्ट आमच्या धंद्यात दुसरी नाही.

खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मूळ कारण सापडतच नाही. मग लोक लिहितात ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’, आणि उपाय म्हणून ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं’. चोर सोडून संन्याशाला फाशी. असले कागद मी फाडून परत दिलेले आहेत. त्यामुळे कंपनीत मला कोणी गोड माणूस म्हणत नाही. म्हणू नये.

हे सगळं आधी सांगतोय, कारण माझ्या हातून जी चूक झाली ती दुसऱ्या कुठल्या बापाने केली असेल असं मला वाटत नाही. माझी एकुलती एक मुलगी डेहराडूनला दगडांचा अभ्यास करते. हिमालय कसा उभा राहिला, अजून कसा उचलला जातोय, हा तिचा विषय. दोन वर्षं ती घरी आली नव्हती. तिने परत यावं, पुण्यात नोकरी धरावी आणि माझ्याबरोबर राहावं, एवढीच माझी इच्छा होती. दुसरी कुठली इच्छा उरलीच नव्हती, म्हणून ती फार मोठी होऊन बसली होती.

आमच्यात बिनसलं ते ती बारावी झाली तेव्हा. मार्क चांगले होते. मी मेकॅनिकल धरून चाललो होतो. दोन-तीन कॉलेजांची माहितीपत्रकंही आणून ठेवली होती. तिने भूगर्भशास्त्र घ्यायचं ठरवलं. माझे वडील पिंपरीत कंपनीला लागले, त्याच्या आधी रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. त्यांच्या उजव्या डोळ्यात एक कपची गेली होती, ती खूण शेवटपर्यंत होती. मी आयटीआय केलं, मग नोकरी करत डिप्लोमा केला आणि पांढरा कोट घालून इन्स्पेक्शनला बसलो, तेव्हा त्यांनी अख्ख्या वस्तीला चहा पाजला. आणि आता माझी मुलगी म्हणते मला दगड शिकायचेत. मी म्हणालो, “तीन पिढ्यांनी फिरून परत दगडावरच यायचं का?” तिच्या आईने तिची बाजू घेतली आणि फी भरून आली. मी आठ महिने मुलीशी बोललो नाही. एकाच घरात, दोन खोल्यांच्या अंतरात, आठ महिने. पुढे बोलायला लागलो, पण ते ‘दार लावून घे’ आणि ‘गॅस संपलाय’ एवढंच.

ती एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिची आई गेली. चार महिन्यांचं आजारपण. त्यानंतर मुलगी डेहराडूनला गेली आणि चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये मी एकटा उरलो. हा फ्लॅट आम्ही घेतला तेव्हा गॅलरीतून कांद्याची शेतं दिसायची. आता समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या दिसतात. समोरच्या चौथ्या मजल्यावरचे लोक कधी कपडे वाळत घालतात, त्यांच्याकडे पाहुणे कधी येतात, हे मला पाठ आहे. त्यांचं नाव मात्र मला माहीत नाही. संध्याकाळी मेसचा डबा येतो. त्यात चार पोळ्या असतात. मी दोन खातो आणि दोन सकाळी चहाबरोबर. टीव्ही लावतो तो आवाजासाठी. आठवड्यात मधेच सुट्टी आली की कधीकधी दुपारपर्यंत मी एक शब्दही बोललेला नसतो, आणि मग दुधवाल्याशी बोलताना आवाज फाटतो, तेव्हा ते लक्षात येतं.

रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. जेवण काय केलं, थंडी किती आहे, बीपीची गोळी घेतली का, आणि चार मिनिटांत सगळं संपायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फोन ठेवल्यावर पुढचे सहा दिवस आणि तेवीस तास छप्पन्न मिनिटं माझी. एका रविवारी मी तिच्या कपाटातून तिचं जुनं पुस्तक काढलं. समासात तिच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. मनात म्हटलं, हिच्या विषयातलं काही विचारलं तर ही जास्त वेळ बोलेल. लबाडीच होती ती. मला दगडांशी काही देणंघेणं नव्हतं.

पुस्तकात भूपट्ट म्हणतात. मी प्लेट म्हणतो, लोखंडाच्या माणसाला तेच जवळचं. पृथ्वीची वरची साल अखंड नाही, तिचे मोठेमोठे तुकडे आहेत, आणि ते सरकतात, एवढं मला शाळेत असल्यापासून ऐकून माहीत होतं. ते लोकांच्या गळी उतरायला किती वर्षं लागली हे मात्र माहीत नव्हतं. शंभरेक वर्षांपूर्वी एका जर्मन माणसाने ते पुराव्यानिशी मांडलं. माणूस हवामानशास्त्राचा, म्हणजे दगडवाल्यांच्या दृष्टीने परका. त्याने म्हटलं, आफ्रिकेचा किनारा आणि दक्षिण अमेरिकेचा किनारा एकमेकांत बसतो. गोड्या पाण्यात राहणाऱ्या एकाच छोट्या सरपटणाऱ्या प्राण्याचे सांगाडे दोन्हीकडे सापडतात. तो अख्खा समुद्र पोहून गेला नसणार. एकीकडे तुटलेली खडकांची रांग दुसरीकडे पुढे चालू होते. आणि जिथे आज ऊन भाजून काढतं तिथे हिमनद्यांच्या खुणा आहेत. तशा खुणा आपल्या चंद्रपूरकडेही आहेत, हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. चंद्रपूरला मी एका मे महिन्यात लग्नाला गेलो होतो. तिथे बर्फाने खडक घासले होते म्हणे.

इतके पुरावे देऊनही त्या माणसाला उडवून लावलं. का, तर खंडं सरकतात म्हणतोस, मग सरकवतं कोण ते दाखव. त्याने पृथ्वीचं फिरणं, चंद्र-सूर्याची ओढ अशी कारणं दिली. लोकांनी हिशोब करून दाखवलं की एवढ्या जोराने खंड काय, काहीच हलणार नाही. ते बरोबरच होतं. पण कारण चुकलं म्हणून सरकणंच खोटं, असा निकाल लागला. तो बिचारा पुढे ग्रीनलंडच्या बर्फात मोहिमेवर असताना गेला, आणि त्याची फाइल कोणी उघडेना.

मी रविवारी फोनवर मुलीला म्हणालो की हे आमच्याकडे रोज होतं. भाग वाकडा आहे हे डोळ्यांना दिसतं, पण कारण सापडत नाही म्हणून सुपरवायझर म्हणतो भाग सरळच आहे. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही हे वाचताय? त्या दिवशी आम्ही वीस मिनिटं बोललो.

मग मी हावरटासारखा वाचत सुटलो. कंपनीची बस मोशीच्या चौकातून पकडली की चाकणच्या गर्दीत तास-तास जातो. तेवढ्यात चार पानं होत. दर रविवारी माझ्याकडे वहीत लिहिलेला प्रश्न तयार असे. तिने मला समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. त्या काळी जहाजावर बायकांना घेत नसत. म्हणून ती बाई कचेरीत बसून जहाजांनी आणलेल्या खोलीच्या आकड्यांवरून नकाशा काढायची. अटलांटिक समुद्राच्या मधोमध डोंगरांची लांबच लांब रांग आहे, आणि त्या रांगेच्या माथ्यावर एक दरी आहे, हे तिच्या लक्षात आलं. तळ तिथे उलतोय, असं तिचं म्हणणं. तिच्याबरोबर काम करणाऱ्याने ते बायकी बडबड म्हणून झटकून टाकलं. शेजारच्या टेबलावर दुसरा माणूस भूकंपाच्या जागा नकाशावर टिंबांनी मांडत होता. दोन कागद एकमेकांवर धरले तर टिंबं बरोबर त्या दरीत पडत होती.

पुढे चुंबकाचे पट्टे सापडले. पृथ्वीचं चुंबक अधूनमधून उलटं होतं, आणि खालून आलेला तप्त रस थंड होताना त्या वेळची दिशा दगडात धरून ठेवतो. दरीच्या डाव्या बाजूला जसे सुलट-उलट पट्टे, तसेच उजव्या बाजूला. म्हणजे तळ मधून फाटतोय आणि दोन्हीकडे सरकतोय. हे पहिल्यांदा लिहून पाठवणाऱ्या एकाचा लेख परत आला होता म्हणे. मला त्याचा फार आनंद झाला; परत आलेल्या मालाबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी आहे. शेवटी साठच्या दशकाच्या अखेरीला सगळं जुळलं. फाटणाऱ्या कडा, समुद्रातले खोल खंदक, भूकंपांच्या ओळी, ज्वालामुखी, सगळं एका नकाशात बसलं, आणि विरोध करणारेही एकेक करून आले.

इथपर्यंत मी खूश होतो. मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. सापडलं का शेवटी, कोण सरकवतं ते?

माझी समजूत अशी होती की खाली भट्टी आहे, तीत दगड गरम होऊन वर येतो, समुद्रातल्या त्या दरीच्या फटीतून जोराने बाहेर पडतो आणि दोन्हीकडच्या प्लेटांना ढकलतो. वर्कशॉपच्या माणसाला हे पटतं. मागे रेटणारा रॅम, पुढे माल. मुलगी म्हणाली, बरेच दिवस पुस्तकांतही जवळपास तसंच असायचं. पृथ्वीच्या पोटातला दगड उष्णतेने अतिशय सावकाश ढवळतो हे खरंच, आणि फटीजवळची जमीन उंच असल्याने थोडा जोर तिकडूनही येतो. पण आता बहुतेकांना वाटतं की मुख्य जोर ढकलण्याचा नाही, ओढण्याचा आहे. प्लेट फटीपासून लांब जाता जाता थंड होते, जड होते, आणि तिची जुनी कड समुद्रातल्या खंदकात खाली बुडायला लागते. बुडणारी कड बाकीच्या प्लेटला आपल्यामागे ओढून नेते. ज्यांची कड अशी बुडतेय त्या प्लेटा भराभर चालतात, ज्यांची नाही त्या रेंगाळतात, हे मोजून दिसलंय. आणि फटीतून येणारा रस? तो बहुतेक ढकलत नाहीच. वर जागा झाली म्हणून तो वर येतो.

मला ते काही केल्या पटेना. फोन ठेवल्यावर मी गॅलरीत गेलो. दोरीवर ओली चादर होती. तिची एक बाजू थोडी जास्त खाली ओढली आणि सोडून दिली. उरलेली चादर तिच्यामागे घसरत गेली आणि अख्खी खाली पडली. समोरच्या चौथ्या मजल्यावरची बाई माझ्याकडे बघत होती. चादर परत धुवावी लागली.

पुढच्या रविवारी मी हरकत काढली. आपल्या प्लेटचं काय? तिची पुढची कड तर हिमालयाशी अडलीय. ती म्हणाली, बुडालेला तो तुकडा केव्हाच तुटून खाली गेला असं मानतात. तरी आपली प्लेट अजून उत्तरेकडे रेटतेच आहे, वर्षाला दोन-तीन बोटं. नेमकं कशाने, यावर लोकांचं एकमत नाही. मी म्हणालो, म्हणजे तक्रार उघडी आहे. ती मोठ्याने हसली. तिचं ते हसू मी किती दिवसांनी ऐकत होतो ते मलाच सांगता आलं नसतं. धीर करून मी विचारलं, मग डेहराडून दरवर्षी चऱ्होलीच्या थोडं जवळ येतं का? नाहीच म्हणायचं, ती म्हणाली, दोन्ही एकाच प्लेटवर, बरोबरच सरकतात. तो आठवडा मला बरा गेला.

ऑक्टोबरात ती बोलता बोलता म्हणून गेली की पुण्यात एका ठिकाणी तिच्या विषयाची जागा निघाली आहे. बास. माझं डोकं फिरलं. मी भोसरीला जाऊन लोखंडी रॅक आणला, वजन पेलेल असा, तिच्या दगडांसाठी. तिची खोली रंगवली. डिसेंबरात ती चार दिवस येणार होती. त्या चार दिवसांत तिचा होकार मिळवायचा, आणि होकार मिळवायचा तर आधी तिच्या न येण्याचं मूळ कारण काढून ते दुरुस्त केलेलं दाखवायचं. आम्हाला एवढंच येतं. मी व्हाय-व्हाय करायला बसलो.

समस्या : मुलगी दोन वर्षं घरी आलेली नाही. का? कारण घरी यावंसं वाटत नाही. का? कारण बापाशी बोलणं नाही. का? कारण बाप आठ महिने गप्प बसला होता. का? कारण तिचं शिक्षण बापाला मान्य नव्हतं. का? कारण बापाला दगडाची लाज वाटत होती. मूळ कारण : बाप. उपाय : बापाने दगडांचं वाचन सुरू केलं आहे, पुरावा म्हणून वहीची पानं सोबत जोडली आहेत. खोलीला रंग दिला आहे. रॅक बसवला आहे. जबाबदार व्यक्ती : बाप. मुदत : डिसेंबर. खाली सहीची जागा रिकामी.

पाचवा ‘का’ मी दोनदा खोडून पुन्हा लिहिला. लाज वाटत होती हे मी कधी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. पण कागद पूर्ण झाल्यावर मला फार हलकं वाटलं. सत्तावीस वर्षांत इतका स्वच्छ रिपोर्ट मी केला नव्हता.

बसमध्ये माझ्या शेजारी मशीन शॉपचा एकजण बसतो, लातूरकडचा. लहानपणी त्याच्या भागातला तो मोठा भूकंप त्याने सोसलेला आहे. मी त्याला एकदा सांगितलं होतं की भूकंप बहुतेक प्लेटांच्या कडेला होतात, तुमचा मात्र प्लेटच्या पोटात झाला. तो म्हणाला होता, आमच्या घराला ते कुणी सांगितलं न्हवतं. तर त्याला मी हा कागद दाखवला. त्याने सावकाश वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, “दादा, पोरीला इचारलाव का हे?”

मी चिडलो. भागाला कोणी विचारतं का, तू तिरका का झालास म्हणून? चाकण येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

ती आली. बारीक झाली होती, हाताला काळपट घट्टे पडले होते, आणि गालांवर डोंगरातल्या उन्हाचा रंग चढला होता. रॅक बघून छान आहे म्हणाली. तिच्या आईच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. डिसेंबरात आम्ही दरवर्षी देहूरोडच्या विहारात जातो. माझे वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे. यंदा आम्ही दोघं स्कूटरवर गेलो, मेणबत्त्या लावल्या, गर्दीतून बाहेर पडलो. परतताना तिने जुन्या हायवेच्या कडेला स्कूटर थांबवायला लावली. तिथे रस्त्यासाठी टेकडी उभी कापलेली आहे.

त्या कापावरून मी लहानपणापासून गेलोय. तिने बोट दाखवलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं : खाली काळा दगड, वर काळा दगड, आणि मध्ये हातभर जाडीचा विटेच्या रंगाचा पट्टा. ती म्हणाली की आपली प्लेट आजच्यापेक्षा कितीतरी वेगाने उत्तरेला पळत होती, त्याच सुमाराचे हे दगड. जमीन फाटून लाव्हा आला, थिजला. मग खूप काळ काहीच झालं नाही. त्या निवांत काळात वरचा दगड कुजून त्याची माती झाली, झाडंझुडपं आली असतील. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून लाल केली. “आजोबांनी फोडली ती खडी हीच,” ती म्हणाली.

मला वाटलं हीच वेळ. मी शबनममधून कागद काढून तिच्या हातात दिला.

ती एका दगडावर बसून वाचायला लागली. रस्त्यावरून कंटेनर जात होते, त्यांच्या वाऱ्याने कागद फडफडत होता, म्हणून तिने तो दोन्ही हातांनी धरला होता. जोडलेली वहीची पानंही तिने उलटून पाहिली. मी उभाच होतो. ऑडिटला उभा राहतो तसा.

“पप्पा, हे चुकलंय,” ती म्हणाली.

कितवा ‘का’ चुकलाय, मी विचारलं.

“पहिल्यापासूनच. तुम्ही मला ढकललं नाही. ढकलून कोणी इतकं लांब जात नाही.”

मग ती बराच वेळ बोलली. माझं ते तीन पिढ्यांचं वाक्य तिला तेव्हा लागलं होतं, पण आता ती ते मैत्रिणींना कौतुकाने सांगते. आजोबांच्या डोळ्यातली खूण बघत ती मोठी झाली, दगड आतून कसा असतो ते तिला तेव्हापासून बघायचं होतं. मी मेकॅनिकलला पाठवलं असतं तरी ती फिरून तिथेच गेली असती. दोन वर्षं आली नाही, कारण काम होतं, आणि काम तिला फार आवडतं. शिवाय घरात आई दिसत नाही ते तिला सोसत नाही, आणि त्याला मी तरी काय करणार. पुण्याच्या जागेसाठी तिने अर्ज केलाच नव्हता. तिला न्यूझीलंडला जागा मिळाली होती, तीन वर्षांची, पुढे वाढेल अशी. त्या देशाच्या मधूनच दोन प्लेटांची कड जाते. हे मला समोरासमोर सांगायचं म्हणून ती आली होती.

मला राग यायला हवा होता. राग मला कधी कमी पडलेला नाही. पण आलं ते भलतंच. मी मूळ कारण असतो तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं. दोष माझा असता तर दुरुस्तीही माझ्या हातात असती. मी वाटेल ते वाचलं असतं, वाटेल तिथे माफी मागितली असती. पण तिच्या जाण्यात माझा काही हातच नव्हता. मी आठ महिने गप्प बसलो काय, आणि महिनोन्‌महिने पुस्तकं वाचली काय, तिला काही फरक पडणार नव्हता. ती सुखात होती. माझ्या एकटेपणाला कोणी गुन्हेगार नव्हता, मीसुद्धा नाही. इतकं एकटं मला तिची आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

तिने कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला.

“इतकं सगळं लिहिलंत,” ती म्हणाली, “पण तुम्हाला मी हवी आहे, असं यात कुठेच नाही.”

मी तिच्या हातून कागद घेतला आणि चष्मा लावून वाचला. खरंच नव्हतं. समस्येतही नव्हतं, कारणांतही नव्हतं. मग मी ते तोंडाने म्हणालो. म्हणालो, बाळा, मला तू इथे हवी आहेस, मला एकट्याला करमत नाही. दुसरं काही जोडलं नाही. तिने माझा हात तिच्या घट्टे पडलेल्या हातात घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, “माहीत आहे, पप्पा.” आणि गुरुवारी ती गेली.